अनुभव धागा: दौऱ्यावरचा एल्व्हिस

धागाकर्ता

गेल्या शनिवारी लाइट गेली ती रात्री अकराला आली. तोवर झोप उडालेली, म्हणून 'एल्व्हिस ऑन टूर' लावला. अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या एप्रिल १९७२च्या दौऱ्यावरचा माहितीपट. १५ दिवसांत १५ शहरं, बफेलोपासून अल्बुकर्कीपर्यंत. गाणी सगळ्यांनी ऐकलेली असतात. माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच: वाद्यं अजून वाजतायत आणि हा माणूस खांद्यावर टॉवेल टाकून मागच्या दाराने थेट गाडीत. आत टाळ्या चालूच.

तुम्ही हा चित्रपट कुठे, कुणाबरोबर पाहिलात? काय लक्षात राहिलं? स्वतः कधी कार्यक्रमांच्या दौऱ्यावर हिंडला असाल तर तेही लिहा. आवडत्या गाण्यांच्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत.

तिरकीट (कोल्हापूर)

बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतोय. लग्नं, गणपती, जत्रा, पुढाऱ्यांचे वाढदिवस, काही सोडलं नाही. त्यामुळे मी एल्व्हिसकडे कमी आणि मागे बसलेल्या त्याच्या ड्रमर रॉनी टटकडे जास्त बघत होतो. एल्व्हिस कधी हात झटकेल, कधी गुडघा वाकवेल, कराटेचा कुठला पवित्रा घेईल, नेम नाही. आणि दर झटक्याला टटचा ठोका हजर! आपला ढोलकीवाला लावणीत पायांवर नजर ठेवून असतो, अगदी तसंच. तालमी करून हे येत नाही.

'बर्निंग लव्ह' तेव्हा नवंकोरं होतं, मार्चअखेर रेकॉर्ड झालेलं. ते तो चक्क हातात कागद धरून म्हणतो. समोर हजारो लोक आणि हातात कागद! आमच्यातला कुणी मोबाइलमध्ये बघून गायला तर लोक नावं ठेवतात. मी तो तुकडा आमच्या गायकाला पाठवला. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

आणि तो चार्ली हॉज. गळ्यात गिटार आहे, पण खरा उद्योग म्हणजे पाणी देणं आणि एल्व्हिसच्या गळ्यात एकामागून एक स्कार्फ घालणं. घाम पुसला की स्कार्फ पुढच्या रांगेतल्या बायकांकडे. आमच्याकडे अशा माणसाला सगळे दिवसभर हाका मारतात आणि नाइट (कार्यक्रमाचे पैसे) सर्वांत कमी देतात.

अर्धा कप

मला नाही आवडला. पडद्याचे तीन-तीन तुकडे केलेत, बघायचं कुठे? त्या तुकड्यांच्या जुळणीवर देखरेख मार्टिन स्कॉर्सेसीची होती, तरी माझं डोकं दुखलंच. गोल्डन ग्लोब मिळालं, तेही दुसऱ्या एका माहितीपटाबरोबर वाटून. त्यापेक्षा त्याचाच १९७०चा लास व्हेगासवरचा माहितीपट बघा, त्यात तालमी आहेत.

ज्यूकबॉक्सची लेक (ठाणे)

बाबा गिरगावातले. कॉलेजात असताना इराण्याकडे एक चहा आणि ज्यूकबॉक्समध्ये एक नाणं, हा त्यांचा रोजचा खर्च. केसांचा कोंबडा काढायचे म्हणून आजोबा महिनाभर बोलले नव्हते. एल्व्हिस एकदा तरी मुंबईला येणार, अशी बाबांची खात्री होती.

चित्रपट बघताना मी त्यांना कर्नल पार्करबद्दल सांगितलं. हा मॅनेजर मुळात नेदरलँड्समधल्या ब्रेडाचा, अमेरिकेत कागदपत्रांविना आलेला, पासपोर्टच नाही. देशाबाहेर पडलो तर परत येता येणार नाही या धास्तीने त्याने परदेश दौरे होऊ दिले नाहीत, असं बरेच चरित्रकार मानतात. बाबा (वय ८१) म्हणाले, "म्हणजे एका पासपोर्टापायी?" आणि नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे एल्व्हिस वडिलांची आठवण सांगतो: एकतर इलेक्ट्रिशियन हो नाहीतर गिटार वाजव, काय ते ठरव, गिटारवाला कामाचा निघालेला मी तरी पाहिला नाही. बाबा एकदम खो-खो हसले. म्हणाले, "आमचे अण्णा (म्हणजे माझे आजोबा) तिकडे कधी गेले होते?"

विंगेतला

सगळ्यांनी स्टेजचं लिहिलंय, मी पियानोचं लिहितो. पंचवीस वर्षं व्यावसायिक नाटकांचे लाइट्स केले, म्हणजे निम्मं आयुष्य बसमध्ये गेलं.

चित्रपटात एल्व्हिस आणि त्याला साथ करणारे गायक, जे. डी. समनरचे स्टॅम्प्स क्वार्टेट, पियानोभोवती जमून चर्चमधली गाणी म्हणतात. प्रेक्षक नाहीत, मण्यांचा पोशाख नाही. गाऊन दमलेला माणूस विसावा म्हणून पुन्हा गातोय. स्टेजवरही एकदा तो स्टॅम्प्सना पुढे करतो, लोकांना नुसतं ऐका म्हणतो आणि स्वतः गप्प उभा राहतो. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बायको प्रिसिला घर सोडून गेली होती. तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. मी तो भाग तीनदा मागे नेऊन पाहिला.

आमच्या नाटकात एक ज्येष्ठ नट होते, भूमिका कायम विनोदी. महाडचा प्रयोग संपवून, जेवून, रात्री दीडला बस निघायची. सेट टपावर, अर्धी मंडळी घोरतायत. कशेडी घाट लागला की हे मागच्या सीटवर अभंग धरायचे. स्टेजवर त्यांचा आवाज असा लागलेला मी कधी ऐकला नाही. एकदा विचारलं, हे नाटकात का नाही घेत? म्हणाले, "झोप आता, सकाळी चिपळूणला सेट लावायचाय."

हिवाळी पाहुणी (टोरोंटो)

अमेरिकेबाहेर तो गायला ते फक्त कॅनडात, १९५७ मध्ये, तीन शहरांत. त्यातलं पहिलं आमचं. मेपल लीफ गार्डन्स, आइस हॉकीचं स्टेडियम. तिथे आता तळमजल्यावर किराणा-भाजीचं मोठं दुकान आहे. मैदानाचा मध्य होता तिथे फरशीवर लाल ठिपका आहे. मी दर रविवारी तो ओलांडून कोथिंबिरीकडे जाते.

या दौऱ्याची आणि लास व्हेगासची न वापरलेली रिळं कॅन्ससमधल्या मिठाच्या खाणीतल्या गोदामात सापडली. त्यांतून बाझ लुहरमनने नवा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये तो पहिल्यांदा दाखवला इथल्याच महोत्सवात. मला तिकीट मिळालं नाही. कोथिंबीर घेऊन घरी आले.

अर्धा कप

@विंगेतला, तुमच्यामुळे पियानोचा भाग परत पाहिला. बरं, तो चांगला आहे. तुकड्यांबद्दल माझं मत तेच.