सुरुवात पुंगळीपासून करा

गुन्ह्याच्या तपासात बंदुका आणि गोळ्या कशा तपासायच्या हे शिकवताना बंदुकांचे प्रकार आणि कॅलिबरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) तक्ते मुलांकडून आधी पाठ करून घ्यावेत, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. मुलांच्या हातात आधी रिकामी पुंगळी (गोळी झाडल्यावर उरणारं काडतुसाचं कवच) आणि भिंग द्या. बुडाशी फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळून ते पेटवणाऱ्या खिळीचा) खड्डा दिसतो, त्याच्या आजूबाजूला बारीक ओरखडे. मग गोळीवरच्या तिरक्या खुणा दाखवा, नळीतल्या पीळदार खाचांनी उमटवलेल्या. तक्ते त्यानंतर चटकन डोक्यात बसतात.

अशा खुणांवरून गोळी कोणत्या बंदुकीतली ते कसं ताडतात, याचं उदाहरण घ्यायचं तर अमेरिकेतल्या शिकागोचं, १४ फेब्रुवारी १९२९ चं हत्याकांड. ७ जण मारले गेले. काही मारेकरी पोलिसांच्या वेशात होते, म्हणून संशय पोलिसांवरही गेला. बंदूकतज्ज्ञ कॅल्विन गोडार्ड यांनी पोलिसांच्या थॉम्पसन बंदुका (एक प्रकारच्या सबमशीन गन) चाचणीसाठी झाडून त्यांच्या खुणा घटनास्थळी सापडलेल्या गोळ्या-पुंगळ्यांशी ताडून पाहिल्या, जुळल्या नाहीत. डिसेंबरात फ्रेड बर्क या गुंडाच्या मिशिगनमधल्या घरी सापडलेल्या दोन थॉम्पसन मात्र जुळल्या. एखाद्यावरचा संशय दूर करणं हेही याच शास्त्राचं काम, हे मुलांना इथे नीट कळतं.

आणि कृपा करून अहवालात ‘शंभर टक्के जुळलं’ लिहायला शिकवू नका. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने २००९ मध्ये अशाच ठाम दाव्यांवर बोट ठेवलं होतं.