टू-व्हील ड्राइव्हचा गिअरबॉक्स, फोर-व्हील ड्राइव्हची चासी : पुढच्या हबचं काय?

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या चासीत टू-व्हील ड्राइव्हचा गिअरबॉक्स बसवायचा तर क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा चासीचा आडवा भाग) सरकवला आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा फिरता दांडा) नव्या मापाचा करून घेतला की काम झालं, असं या चर्चेत आधी म्हटलंय. मागच्या बाजूपुरतं पटतं. फक्त माप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्या, जॅकवर अ‍ॅक्सल लोंबकळत असताना नको. आणि स्पीड सेन्सर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, जी या बदलात निघते) असेल तर त्याची वेगळी सोय बघावी लागेल.

पण पुढच्या चाकांबद्दल कोणीच बोललं नाही. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणारी रचना) असेल, तर 'आता पुढे ड्राइव्हच नाही, मग हाफ शाफ्ट कशाला' म्हणून ते (पुढच्या प्रत्येक चाकाला फिरवणारे दांडे) काढून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. बऱ्याच मॉडेलांत हबच्या (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) बेअरिंगच्या आतल्या दोन कड्या शाफ्टच्या टोकाचा नटच एकमेकींवर दाबून धरतो. तो दाब गेला की बेअरिंग ढिलं पडतं, आणि प्रकरण चाक निसटण्यापर्यंत जाऊ शकतं. शाफ्ट काढायचेच असतील तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा वळणारा सांधा) सुटा करून त्याचा स्टब (हबमध्ये बसणारं आखूड टोक) तेवढा हबमध्ये परत बसवा आणि नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा. पुढचं डिफरन्शिअल (दोन्ही हाफ शाफ्टना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) जागेवरच ठेवणार असाल तर त्याची शाफ्ट बसायची दोन्ही तोंडं बुजवा, नाहीतर तेल गळत राहील.