डॉक्टरांनी दिलेलं 68 नंबरचं काम्पो (जपानी पारंपरिक वनौषधी) आणि दुकानातलं काम्पो एकच का?

अनघा_साइतामा
नमस्कार. वय 52. रात्री दोन-अडीचला पोटरीत असा गोळा येतो की अंथरुणात उठून पाय दाबत बसते. इथल्या डॉक्टरांनी शाकुयाकु-कान्झो-तो दिलं, त्सुमुरा कंपनीचं, पुडीवर ठळक 68. फिकट तपकिरी दाणे, चवीला गोडसर. झोपताना एक पुडी. गोळा आल्यावर घेतली तरी थोड्या वेळात पाय मोकळा होतो, खूप आधार वाटतो.
पुड्या संपल्या आणि दवाखान्याच्या वेळा माझ्या कामाशी जुळेनात, म्हणून औषधाच्या दुकानातून त्याच नावाचा डबा आणला. मागे बारीक अक्षरात दिवसाच्या अर्काचं प्रमाण निम्मं लिहिलंय. मग दोन पुड्या एकदम घेऊ का? शिवाय सर्दी झालीय, घरात काक्कोन्तो हे सर्दीवरचं काम्पो आहे. दोन्ही चालतील?

सुमेधा_योकोहामा
अनघाताई, दोन पुड्या एकदम नको. मी औषधाच्या दुकानात नोंदणीकृत विक्रेती आहे, हा प्रश्न मला काउंटरवर सतत विचारतात.
सूत्र एकच असतं, अर्काचं प्रमाण मात्र वेगळं. दुकानातलं औषध कुणीही न तपासता विकत घेतं, म्हणून कंपन्या बऱ्याचदा निम्मा, दोन तृतीयांश किंवा पाऊण अर्क ठेवतात. डब्यावर 'मनऱ्यो शोहो' असेल तर पूर्ण मात्रा. हे शब्द आधी शोधा, किंमत नंतर बघा.
तुमच्या औषधात दोनच वनस्पती आहेत, पिओनीचं मूळ आणि ज्येष्ठमध. डॉक्टरांच्या तीन पुड्यांत, म्हणजे दिवसाच्या पूर्ण मात्रेत, 6 ग्रॅम ज्येष्ठमध. म्हणजे एका पुडीत 2 ग्रॅम. काक्कोन्तोच्या पूर्ण दिवसाच्या मात्रेतही तेवढंच, 2 ग्रॅम! दोन्ही घेतलीत तर ज्येष्ठमधाची बेरीज होते. त्याने पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते. गंमत नाही ही. दुकानातल्या या औषधाच्या सूचनेत स्पष्ट असतं की त्रास होईल तेव्हाच घ्या, रोज लावून घेऊ नका. काक्कोन्तोमध्ये माओ नावाची वनस्पतीही असते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर न विचारता घेऊच नका.
डॉक्टरांच्या चिठ्ठीवर राष्ट्रीय विम्यात 148 काम्पो औषधं येतात आणि आपल्या वयात साधारण 30 टक्केच भरावे लागतात. दुकानी विक्रीच्या यादीत सूत्रं जास्त, 294. पण विम्यात तपासणी आणि औषधवाटपाचे पैसेही लागतात, त्यामुळे दोन दिवसांच्या सर्दीला दुकानच स्वस्त पडू शकतं. रोजच्या त्रासाला मात्र डॉक्टरच हवेत.

निखिल_नागोया
सुमेधाताईंचं अगदी खरं. माझे सासरे जपानी, 76 वर्षांचे. पायात येणाऱ्या गोळ्यांसाठी चिठ्ठीवरचं 68 रोज घेत होते आणि सर्दी झाली की काक्कोन्तो स्वतःच आणायचे. 'ही तर झाडपाल्याची' म्हणून औषधांच्या वहीत, म्हणजे घेत असलेली सगळी औषधं नोंदवायच्या वहीत, ती लिहिलीच नाहीत. दोन महिन्यांनी मोज्याच्या रबराची खूण घोट्यावर खोल उमटायला लागली, पायऱ्या चढताना मांड्यांत जोर राहिना. रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली. दोन्ही बंद केल्यावर हळूहळू सावरले.
अजून एक, 'शोक्कान' म्हणजे जेवताना नव्हे, दोन जेवणांच्या मध्ये, जेवल्यावर साधारण दोन तासांनी. ते कांजी वाचून घास घेता घेता औषध घेणारे मी पाहिलेत.

अनघा_साइतामा
दोघांचे मनापासून आभार. काक्कोन्तोचा डबा उघडला नाही. दुकानातल्या डब्यावर खरंच 'त्रास असेल तेव्हाच' असं आहे, मी फक्त नाव बघून उचलला होता. आत्ताच दोन्ही नावं औषधांच्या वहीत लिहिली आणि रक्तदाब मोजला: 142/88. नेहमी 120 च्या आसपास असतो. शनिवारी सकाळची वेळ मिळालीय, तोवर काहीच घेणार नाही. सुमेधाताई, पोटॅशियम तपासायला सांगू ना?

सुमेधा_योकोहामा
हो, स्वतःहून सांगा. दुकानातला डबा आणि वही दोन्ही बरोबर न्या. पाय जड वाटले किंवा हातापायांत अशक्तपणा आला तर शनिवारची वाट बघू नका.