शेजाऱ्यांनी स्वीकारलं, कागदांचं काय?

'उपनगरात सगळेच मुलांच्या मागे धावत असतात, त्यामुळे एखाद्या घरात दोन बायका आई म्हणून मूल वाढवतात याचं कुतूहल महिन्याभरात संपतं' असं कुणी म्हटलं तर शेजाऱ्यांपुरतं मला ते पूर्ण पटतं. आमच्या मुलीला जन्म माझ्या जोडीदारीणीनं दिला, पण तिला शाळेत सोडणं आणि ताप आला की रात्र जागणं बहुतेक माझ्याकडे असतं. शेजारच्या मुलांनाही हे इतकं अंगवळणी पडलंय की 'तुझी कुठली आई न्यायला येणार?' असं ती सहज विचारतात. मला हे फार आवडतं.

पण शाळेच्या अर्जावर 'वडिलांचे नाव' हा रकाना शेजारी छापत नाहीत आणि दवाखान्यात संमतीची सही कोणाची चालेल हेही ते ठरवत नाहीत. नेदरलँड्सचंच बघा. तिथे २००१ मध्ये समलिंगी जोडप्यांना लग्न आणि दत्तक दोन्ही खुलं झालं, तरी जन्म न देणाऱ्या आईला दत्तकविधानाच्या फेऱ्यातून न जाता कायदेशीर पालक होता येण्यासाठी २०१४ उजाडावं लागलं. इतक्या पुढारलेल्या देशातही मधली तेरा वर्षं गेली! म्हणून मूल होण्याआधीच वकिलाला गाठा. मृत्युपत्र, पालकत्वाची नेमणूक, उपचारांसाठीचं संमतिपत्र, यातलं तुमच्याकडे जे कायद्याला चालतं ते करून ठेवा आणि प्रती शाळेतही देऊन ठेवा. जन्मदात्या आईला काही झालं तर दुसरीला मुलावरचा हक्क सांगताना या कागदांचा आधार होऊ शकतो.