दादर की कोल्हापूरची पेठ : गाडी न घेता शहरात राहायचे असेल तर कुठे राहावे?

कल्याणकर

नमस्कार. आम्ही सध्या कल्याणला राहतो आणि पुढच्या वर्षी घर बदलण्याचा गांभीर्याने विचार करत आहोत. पत्नी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करते आणि तिची निम्मी ताकद लोकलमध्येच खर्च होते. माझे काम संगणकावरचे असल्यामुळे ते घरून होते. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ, सुरू झाले. पत्नी मूळची सांगली जिल्ह्यातली असल्याने तिकडची प्रकरणे तिच्याकडे येऊ लागली आहेत, आणि जो पर्याय आजवर केवळ गप्पांपुरता होता तो आता खरोखरच विचारात घ्यावा लागत आहे.

आमची अट एकच आहे. चारचाकी घ्यायची नाही. भाजी, दवाखाना, वाचनालय, नाट्यगृह आणि न्यायालय यांपैकी बहुतेक ठिकाणी पायी किंवा फार तर एका वाहनाने जाता यावे. अशा दोन जागा डोळ्यांसमोर आहेत : दादर पश्चिमेला भाड्याचे वन बीएचके, किंवा कोल्हापुरात मंगळवार पेठ वा शिवाजी पेठ परिसरात त्याहून कमी भाड्यात दोन-तीन खोल्यांचे ऐसपैस घर. स्वस्त कोणते, हे आम्हाला कळते. महानगरातल्या एका गजबजलेल्या भागात राहणे आणि मुळातच आटोपशीर, दाट वस्तीच्या शहरात राहणे, यांत रोजच्या जगण्याचा फरक नेमका कुठे पडतो, एवढेच अनुभवी मंडळींना विचारायचे आहे. कोल्हापूर शांत आहे म्हणून तिकडे जा, असा सल्ला कृपया नको. ते शांत नाही, याची कल्पना आहे.

गोखले रोड उत्तर

जन्मापासून दादरला राहत असल्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगतो.

दादरची सोय आपोआप निर्माण झालेली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला आणि दाटीने कोंडलेल्या दक्षिण भागातील वस्ती उत्तरेकडे हलवण्यासाठी दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या पट्ट्यात आखीव वसाहती उभ्या राहिल्या. रुंद रस्ते, दोन-तीन मजली इमारती आणि मधून मधून मैदाने, अशी ती रचना होती. हिंदू कॉलनी किंवा पारशी कॉलनीत आजही झाडांच्या सावलीतून चालता येते, ते त्या आखणीमुळे. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांना जोडणारे स्थानक असल्याने मुंबईच्या कोणत्याही टोकाला जाणे येथून त्यातल्या त्यात सोपे पडते. आता मेट्रो तीनही धावू लागल्यामुळे दादरहून थेट हुतात्मा चौकात उतरून तुमच्या पत्नी चालत न्यायालयात पोहोचू शकतील. शिवाजी मंदिर आणि शिवाजी पार्क यांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता दुसरी बाजू. पायी चालण्याजोगे अंतर आणि पायी चालण्याजोगा रस्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रानडे रोडवरून स्थानकापर्यंत जाऊन पाहा. माळा, मखरे आणि पिशव्या यांच्यामधून वाट काढताना पाच मिनिटांच्या अंतराला किती वेळ लागेल, हे सांगता येत नाही. दुसरे म्हणजे, तुम्ही भाड्याने राहणार आहात. येथील अनेक इमारती जुन्या, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) आणि पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाड्याने राहण्याच्या) आहेत. पुनर्विकास होताना पागडीच्या भाडेकरूला नव्या इमारतीत हक्काची जागा मिळते. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला मात्र सामान बांधावे लागते. वकीलबाईंना हे मी काय सांगणार! तरीही घर पाहायला जाल तेव्हा इमारतीच्या जिन्यात लावलेल्या नोटिसा आधी वाचा, दिवाणखाना नंतर पाहा.

पंचगंगाकाठ

मी मंगळवार पेठेत राहतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो.

सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आहे. तिथून महाद्वार रोड, शिवाजी चौक, बिंदू चौक आणि अंबाबाईचे देऊळ हे सगळे पायी फिरण्याच्या टापूत येते. खासबाग मैदान आणि त्याला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह हे दोन्ही शाहू महाराजांच्या काळातले. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा त्याची हळहळ गल्लीगल्लीत होती, कारण ते कुणालाच लांबचे वाटत नव्हते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात आणि लोक तिथेच उभ्याने पितात. म्हशी शहराच्या मध्यात येऊ शकतात, यातच शहराचा आकार कळतो : पेठेतून निघालेला माणूस थोड्याच वेळात उसाच्या फडाशी पोहोचतो.

तरीही तुमच्या अटीला येथे एक अडचण आहे. अंतरे लहान असूनही कोल्हापूरकर चालत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही दुचाकी काढण्याची सवय हाडीमासी खिळली आहे. केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसची वाट पाहण्यापेक्षा लोक वडापात (प्रवासी भरून निघणाऱ्या खासगी गाडीत) बसतात किंवा स्वतःची गाडी काढतात. त्यामुळे पदपथ ही वस्तू गाड्या लावण्यासाठीच आहे, असा समज पक्का झाला आहे. तुम्ही चालू लागलात, तर ओळखीचा प्रत्येक जण थांबून "या, सोडतो," म्हणेल. हा आपलेपणा आहेच. पण आपण कुठे गेलो होतो, हे संध्याकाळपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर माहीत असते, हेही त्याच आपलेपणात आले. दादरला शेजारच्या इमारतीतला माणूस तुम्हाला ओळखत नाही. कुणाला ती मोकळीक वाटते, कुणाला ते ओझे वाटते.

पाण्याबद्दलही सांगितले पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पेठांचा उंचावरचा भाग कोरडा राहिला, पण सुतारवाडा, दुधाळी आणि शाहूपुरीतली कुंभार गल्ली पाण्याखाली गेली. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता आणि उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चहूबाजूंनी पूर असलेल्या शहरात आम्ही टँकरपुढे घागरी घेऊन उभे होतो. मुंबईतही पाणी तुंबते. पण तिथे एक मार्ग बंद पडला तर दुसरा उघडा असतो. लहान शहराला एकच महामार्ग आणि एकच लोहमार्ग असतो, आणि आमचा लोहमार्ग तर कोल्हापुरातच संपतो.

आराखडा

नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो म्हणून थोडे आकडे देतो. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २८ हजारांच्या आसपास माणसे. कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ५ लाख ४९ हजार. म्हणजे घनता ८ हजारांच्या थोडी वर. मात्र कोल्हापूरच्या हद्दीत शेतजमीनही मोडते, त्यामुळे हा आकडा पेठांचे चित्र दाखवत नाही. उलट भिवंडीत त्याच जनगणनेनुसार सुमारे २६ चौरस किलोमीटरमध्ये ७ लाखांहून अधिक लोक राहत होते. घनता मुंबईच्या तोडीची. पण यंत्रमागांच्या त्या शहरातून दादरसारखे जगणे शोधायला कुणी जात नाही. तेव्हा नुसती दाटी पाहून काही ठरत नाही. त्या दाटीच्या पाठीशी काय उभे आहे, ते पाहावे लागते.

दादरच्या पाठीशी अख्खी मुंबई आहे. दादरमध्ये मोठे कर्करोग रुग्णालय नसले तरी परळला टाटा रुग्णालय आहे. तुमची नोकरी गेली तर घर न बदलता दुसरी शोधता येते. कोल्हापूरला जे हवे ते स्वतःच्या हद्दीत उभे करावे लागते, आणि ती हद्द १९७२ साली महापालिका झाल्यानंतरही वाढली नाही. हद्दवाढीचा वाद तेव्हापासून धुमसतो आहे. त्याचा परिणाम असा की नवी घरे उचगाव, पाचगाव, कळंबा अशा ग्रामपंचायतींच्या भागात झाली, जिथे गाडीशिवाय भागत नाही. दलाल तुम्हाला "कोल्हापुरात" म्हणून दाखवतील ते घर बहुधा तिकडचेच असेल. पेठेतले घर हवे असल्यास ओळखीतूनच शोधावे लागेल.

माझ्या मते तुमचा निर्णय घरावर किंवा रस्त्यावर अवलंबून नसून पत्नींच्या कामाच्या स्वरूपावर आहे. जमीन, दिवाणी, फौजदारी अशी सर्किट बेंचच्या कक्षेतील सहा जिल्ह्यांतली प्रकरणे असतील, तर कोल्हापूरला निःशंक जा. काम कंपनी कायद्याचे असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण मुंबईतच आहे आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या रात्रीच्या फेऱ्या लवकरच नकोशा होतील.

कल्याणकर

सर्वांचे आभार. काम प्रामुख्याने दिवाणी अपिलांचे आणि जमिनीचे आहे, म्हणजे 'आराखडा' यांच्या निकषाने तराजू कोल्हापूरकडे झुकतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. दलालाने पाठवलेल्या तीन घरांपैकी दोन पाचगावची निघाली. पंचगंगाकाठ, पेठेत अकरा महिन्यांच्या करारावर घर देतात का, की ओळखीशिवाय दारही उघडत नाहीत?

पंचगंगाकाठ

देतात. वकिलांना घर देताना मात्र घरमालक दोनदा विचार करतात, कारण वेळेवर घर खाली होईल की नाही, ही धास्ती असते; त्यामुळे करार तुमच्या नावावर करा. पाहायला जुलैच्या अखेरीस या. त्या दिवसांत नदी फुगलेली असते, नळाला पाणी किती वेळ आणि किती गढूळ येते ते समजते, आणि कोणत्या गल्लीत पावसाचे पाणी थांबते हे शेजाऱ्यांना न विचारताही दिसते. तळमजल्याचे घर असल्यास भिंतीवरची जुन्या पुराची रेघ घरमालकाला दाखवायला सांगा. ज्याच्या घरी ती नसते, तो ते अभिमानाने सांगतो.