मदत हवी आहे : दुकानांच्या इमारतीची गच्ची, काम थंडीतच काढावं की मेपर्यंत थांबावं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सातारा रस्त्यावर आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे. खाली दुकानं, वर ऑफिसं, तिसऱ्या मजल्यावर एक क्लास आणि शेजारी माझं कर सल्लागाराचं छोटंसं ऑफिस. एकूण १४ गाळे, प्रिमायसेस सोसायटी. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं (मिटिंगला उशिरा पोचल्याची शिक्षा), म्हणून गच्चीचं दुखणंही माझंच.

गच्ची ४२०० चौरस फूट, म्हणजे ४२ ब्रास. बांधकाम १९९४ चं, ब्रिकबॅट कोबाही (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) तेव्हाचाच. पावसाळ्यात क्लासच्या छताचे पोपडे मुलांच्या वह्यांवर पडतात. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम गच्ची आठवते, कोणीतरी येऊन पांढरं काहीतरी फासून जातो आणि गणपती येईपर्यंत त्याची सालं निघतात. म्हणून यंदा डिसेंबरातच तिघांना बोलावलं.

पहिला म्हणतो, जुन्या कोब्यावरच नवा चार इंची कोबा घालू, १० वर्षं गॅरंटी. दुसरा म्हणतो, कोटिंगचे तीन हात, दोन दिवसांत मोकळे. तिसरा म्हणतो, थंडीत हात लावू नका, कोटिंग धरत नाही.

आणि एक कोडं. पाऊस जाऊन दोन महिने झाले तरी क्लासच्या एका कोपऱ्यातला डाग ओलाच आहे. बोट लावलं की गार लागतं. हे कसं काय? जाणकारांनी प्लीज सांगा, रविवारी मिटिंग आहे.

चहा_कमी_साखर :
१० वर्षांची गॅरंटी स्टँपपेपरवर मागा. मग ती किती वर्षांवर येते ते इथे कळवा.

रिकामटेकडा_सिव्हिल :
तिसऱ्याचं अर्धं बरोबर आहे. पुण्याची थंडी म्हणजे पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी २८-३०. एवढ्यानं कोटिंगचं काही बिघडत नाही. बिघडतं दवानं. सकाळी सात वाजता गच्चीवर जाऊन तळहात टेकवा, ओला होईल. त्यावर साडेसातला प्रायमर मारला की पुढे फुगे ठरलेले. काम साडेदहा-अकराला सुरू करायचं आणि चारच्या आत आटपायचं. दोन दिवसांत तीन हात हे विसरा, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा.

पहिल्याला मात्र नम्रपणे चहा पाजून घालवा. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. तुमची गच्ची ३९० चौरस मीटर, म्हणजे ७८ टन! माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक धरतं ते दीडशे किलोच्या आसपास, आणि तेही जाणाऱ्या-येणाऱ्या वजनासाठी. तुमच्या स्लॅबवर जुना कोबा आणि टाक्या आधीच बसलेल्या आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तपासल्याशिवाय वर किलोभरही चढवू नका.

भेगांसाठी थंडी उलट चांगली. काँक्रीट गारठलं की आकसतं. २० मीटर लांबीत २० अंशांचा फरक पडला तर हिशोबानं ४ मिलिमीटर. ते सगळं एका जागी उघडत नाही, पण पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि कोबा जिथे भेटतात तो सांधा पहिला फाटतो. मेच्या भर उन्हात ती भेग मिटलेली असते. तेव्हा भरलेलं सिमेंट डिसेंबरात पुन्हा सुटतं. म्हणून आता दव वाळल्यावर, भेग रुंद असतानाच, ताणला जाणारा सीलंट भरा. सिमेंटची स्लरी नको.

ओल्या डागाचं: एकतर कोब्यातले विटांचे तुकडे पावसाचं पाणी धरून बसलेत, नाहीतर पाणी रोज येतंय. डागाभोवती खडूनं रेघ मारा, तारीख लिहा. बरोबर त्याच्या वर गच्चीत दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून बसवा. दुसऱ्या दिवशी खालून थेंब धरले असतील तर कोब्यात पाणी आहे, आणि त्यावर कोणतंही कोटिंग म्हणजे पैसे चिकटवणं. टाकीचा ओव्हरफ्लो, एसीचं पाणी कुठे सोडलंय?

पत्र्याखालचा :
आमचं वर्कशॉप भोसरीला, पत्र्याचं छत. थोडं अवांतर, पण कोणाच्या कामी येईल. थंडीत पत्रा रात्री आखडतो, दुपारी पसरतो, रोज. सहा मीटरच्या पत्र्यात ४० अंशांच्या फरकाला जवळजवळ ३ मिलिमीटर. त्या ओढाताणीत पत्रा धरणाऱ्या J आकाराच्या हूकचे वॉशर तडकतात, भोकं लांबट होतात. आम्ही जानेवारीत सगळे वॉशर बदलतो आणि पन्हळ खरवडतो. पत्र्यावर फळी टाकूनच चालायचं, एवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ता :
सर्वांचे आभार. अपडेट देतो.

गच्चीवर गेलो. चार खुऱ्यांपैकी (गच्चीवरचं पाणी जायची तोंडं) दोन बंद. एकात पारव्याची पिसं, गुटख्याच्या पुड्या आणि मागच्या निवडणुकीतल्या फ्लेक्सचा तुकडा, त्यावर उमेदवाराचे जोडलेले हात तेवढे शाबूत. पॅरापेटच्या भेगेत वीतभर पिंपळ. वॉचमन काकांनी दांड्यानं कोबा ठोकून दाखवला : बाकी सगळीकडे टणटण, टाकीपाशी भद्द.

आणि डाग सापडला! टाकीचा फ्लोट अडकलाय. पहाटे पाणी आलं की टाकी भरून वाहते, ओव्हरफ्लोचा पाइप थेट कोब्यावर. आम्ही नऊला येतो तोवर वरून सगळं कोरडं. फ्लोट बदलून नऊ दिवस झाले, डाग खडूच्या रेघेपासून चार बोटं आत सरकलाय. पण प्लास्टिकखाली अजून थेंब आहेत.

(मिटिंग अर्थातच पुढे ढकलली.)

रिकामटेकडा_सिव्हिल :
झकास. मग टाकीभोवतीचा भद्द वाजणारा कोबाच काढा, पाच-सहा ब्रास असेल. पिंपळ नुसता छाटू नका, मूळ उकरून काढा. नवा कोबा खुऱ्याकडे उताराचा, १०० ला १. थंडीतला कोरडा वारा सिमेंटमधलं पाणी पळवतो, म्हणून आळी करून किंवा गोणपाट भिजवून निदान सात दिवस पाणी मारा. मग खुरे बंद करून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा आणि खालून छत बघा. कोटिंग त्यानंतर, सगळं पूर्ण वाळल्यावर. गच्ची उघडी असेल तेवढे दिवस ताडपत्री हाताशी हवी. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात अवकाळी कसा बरसला होता ते आठवतंय ना?

धागाकर्ता :
शेवटची अडचण. खालचे दुकानदार म्हणतात, "माझ्या डोक्यावर गच्ची नाही, तीन मजले आहेत. मी का पैसे देऊ?"

चहा_कमी_साखर :
त्यांचं दुकान पायाशिवाय उभं आहे का विचारा.

रिकामटेकडा_सिव्हिल :
चहावाले, जरा थांबा. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत गच्ची आणि पॅरापेटची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं करायची असं आहे. तुमच्या नोंदणीकृत उपविधींत तेच कलम आहे का बघा आणि त्याची झेरॉक्स नोटिशीला जोडा.

धागाकर्ता :
कलम सापडलं, झेरॉक्स काढली. मिटिंग येत्या रविवारी सकाळी सात वाजता, गच्चीवरच ठेवतोय. सतरंजी आणणार नाहीये, प्रत्येकाला दव स्वतः कळू दे.