विजयदुर्गचं बंदर एवढं सुरक्षित कशामुळे होतं? आणि मग ते मागे का पडलं?

खारेपाटणची_लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर खारेपाटणकडचं पण वाढले डोंबिवलीत, त्यामुळे विजयदुर्ग म्हणजे लहानपणी मे महिन्यात आंबे खाऊन झाले की एखादी फेरी, किल्ला बघायचा, फोटो काढायचा आणि परत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी स्थळं म्हणून १२ किल्ले गेले त्यात विजयदुर्ग पण आहे हे वाचलं आणि परत नकाशा उघडून बसले. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. आमचे आजोबा म्हणायचे की पावसाळ्यात सगळं कोकण बंद पडलं तरी विजयदुर्गच्या खाडीत गलबत शिरलं की सुटलं, आणि जुन्या गॅझेटियरमध्ये पण असंच दिलंय की कुठल्याही ऋतूत आत येता येतं. मग शेजारची बंदरं तशी का नाहीत? आणि एवढं चांगलं बंदर असताना आज तिथे चार मच्छीमार होड्या आणि शनिवार-रविवारचे टुरिस्ट, असं कसं झालं? समुद्राखालची भिंत, हेलियमचा शोध वगैरे जे गाइड सांगतात त्यात खरं किती हे पण कोणी सांगितलं तर बरं. डिसेंबरमध्ये सासूबाई-सासरे आणि मुलीला घेऊन जायचा विचार आहे, मुलगी सातवीत आहे आणि प्रश्न फार विचारते.

कातळावरचा

नकाशा उघडलाच आहे तर किल्ल्याची जागा नीट बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. वाघोटण खाडीचं तोंड आहे, त्याच्या दक्षिण बाजूला गिर्ये-रामेश्वरचा सडा (कातळाचं सपाट पठार) समुद्रात पुढे आलाय आणि त्याच्या टोकाला किल्ला. पावसाळ्यातला वारा आणि लाटा येतात नैऋत्येकडून. म्हणजे सगळा मार हा सडा आणि ते टोक अंगावर घेतं आणि गलबतं उभी राहतात त्याच्या पाठीमागे, आडोशाला. दुसरं म्हणजे कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, ओहोटीला तिथे पाणी उथळ होतं आणि वर लाटा फुटत असतात, अनोळखी तांडेल असेल तर गलबत तिथेच बसतं. वाघोटणच्या तोंडाशी असा दांडा नाही. गॅझेटियरवाल्या साहेबाने जे कौतुक केलंय ते मुख्यतः ह्याच गोष्टीचं.

आता खाडी एवढी खोल आत कशी गेली, तर ती मुळात नदीची दरी आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १०० मीटरहून जास्त खाली होती, किनारा कुठेतरी पार पश्चिमेला, आणि ह्या नद्या तेव्हा खोल दऱ्या कापत तिकडे जात होत्या. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि दरीत पाणी भरलं. सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीला येऊन टेकला. कोकणातल्या बहुतेक खाड्यांची हीच कथा आहे, फरक पडतो तो तोंडाशी काय आहे त्यावर. वरचा जांभा म्हणजे खालच्या बेसॉल्टचाच पावसाने, उन्हाने, लाखो वर्षांत झालेला दगड, वर टणक आणि खाली मऊ, त्यामुळे कड्याखालचा भाग लाटा पोखरतात आणि वरचे मोठे धोंडे खाली येतात. किल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला ओहोटीला जे खडक दिसतात त्यात बरेचसे असेच पडलेले आहेत, मुलीला दाखवा.

गुराब

वरचं उत्तर मस्त. मी इतिहासाचं जोडतो, लांबेल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे तुमचं खारेपाटण ह्या बंदराचा थोरला भाऊ आहे. विजयदुर्ग मोठं व्हायच्या आधी गलबतं खाडीतून सरळ आत, साधारण ४० किलोमीटर, खारेपाटणपर्यंत जायची. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज, त्याचा शके ९३० चा म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट खारेपाटणला मिळालेला आहे आणि त्यात जकात दिलीये, परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, म्हणजे तेव्हाचं नाणं. चौल आणि गोव्याच्या चंद्रपूरकडून येणारी जहाजं त्या भानगडीतून वगळली होती. मला हा ताम्रपट कुठल्याही लढाईपेक्षा भारी वाटतो, कारण हजार वर्षांपूर्वी ह्या खाडीत माल येत होता, सरकार पैसे घेत होतं, घाट चढून तो माल देशावर जात होता, हे एका पत्र्यावर लिहिलेलं आहे. पुढे आतली खाडी गाळाने भरत गेली आणि वजन तोंडाकडे सरकलं.

किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज ह्याच्या वेळचा सांगतात, नंतर आदिलशाही, मग १६५३ च्या सुमारास महाराजांकडे आला असं मानतात. तिहेरी तट महाराजांच्या काळातला. पण बंदर म्हणून खरा जोर कान्होजी आंग्र्यांनी लावला. इंग्रज १७१७ ला आले, हात हलवत गेले. १७२० ला मुंबईहून तरंगता तोफखाना बांधून आणला, फ्राम नाव त्याचं, तोही फुकट गेला. १७२४ ला डच सात जहाजं घेऊन आले, तेही गेले. आंग्र्यांच्या गुराबा (तोफांची लढाऊ जहाजं) आणि गलबतं उथळ पाण्यात चालणारी, संकट आलं की खाडीत आत निघून जायची आणि मोठ्या तळाची विलायती जहाजं बाहेर घिरट्या घालत बसायची.

आणि मग फेब्रुवारी १७५६. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळीत संपवलेलं. पेशव्यांचं आणि कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे ह्याचं वाकडं आलेलं, पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग गेलाच होता. अॅडमिरल वॉटसन आरमार घेऊन आणि क्लाइव्ह (हो तोच, प्लासीवाला, प्लासी पुढच्या वर्षी) जमिनीवरचं सैन्य घेऊन आला. तुळाजीचं सगळं आरमार खाडीत किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभं होतं. वॉटसनची जहाजं सरळ खाडीत शिरली आणि उत्तरेकडून मारा सुरू केला. एक गोळा पडला 'रिस्टोरेशन' जहाजावर, गंमत म्हणजे हे जहाज तुळाजीनेच काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडून पकडून आणलेलं. ते पेटलं, दोर जळाले, आणि एकाला एक लागून असलेलं सगळं आरमार संध्याकाळपर्यंत खलास. इंग्रजांच्या नोंदीत एक मोठं ७४ तोफांचं जहाज, आठ गुराबा आणि साठेक गलबतं असा हिशेब आहे. पन्नास-साठ वर्षं ज्या आडोशाने वाचवलं त्याच आडोशात सगळं एका जागी सापडलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, आतली साधारण दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपापसात वाटून घेतली आणि पेशव्यांचे लोक बघत बसले. ऑक्टोबरच्या पुण्याच्या तहात बाणकोट घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना परत दिला.

पेशव्यांनी स्वतःच्या दर्याचं कंबरडं स्वतःच मोडलं असं माझं मत आहे, ज्यांना पटत नसेल त्यांनी वेगळा धागा काढा, इथे नको.

वाघोटणचो

ह्या सगळा बरोबर आसा, पण लढाई नि तोफा सोडून खाडयेबद्दल कोणी बोलणाच नाय म्हणान लिवतंय. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

किल्ला बघून लोक परत जातात, खाडी बघतच नाहीत. वाघोटणच्या दोन्ही काठांना कांदळवन आहे. तिवर आहे, कांदळ आहे, पांढरी चिप्पी आहे, हिला राज्य सरकारने २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवलं. चिप्पीची मुळं चिखलातून वर टोकं काढून असतात कारण चिखलात हवा नसते, झाड त्यातून श्वास घेतं. ह्याच मुळात कोळंबीची, शेवट्यांची, तांबोशाची पिल्लं वाढतात आणि मोठी झाली की समुद्रात जातात, म्हणजे बाहेर पकडलेला मासा पण लहानपणी आमच्याच खाडीतला. सुकतीला म्हणजे ओहोटीला बायका मुळे, तिसऱ्या, कालवं असे शिंपले काढायला उतरतात, त्यांना कुठे पाऊल टाकायचं हे जेवढं माहीत आहे तेवढं कुठल्याही नकाशात नसेल. भरती नि सुकती अमावास्या-पुनवेला मोठी, उधाण म्हणतो आम्ही, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार हलत नाही. होडीवाले, जाळंवाले सगळे ह्याच हिशेबाने चालतात.

सकाळी लवकर गेलात तर पाणमांजरं दिसू शकतात, टोळीने फिरतात आणि जाळ्यातला मासा खातात म्हणून जाळंवाले त्यांच्यावर चिडून असतात. वर उंच आंब्यावर किंवा वडावर समुद्री गरुडाचं घरटं, काड्यांचा एवढा मोठा ढीग, खाली समुद्रसापाचे तुकडे पडलेले असतात. तोंडाशी गादे म्हणजे डॉल्फिन हिवाळ्यात बरेचदा, पण होडीवाल्याला सांगा मागे लागू नको.

आणि बंदर मेलंय असं म्हणू नका हो. जून-जुलैची मासेमारी बंदी सोडा, पण इतर वेळी समुद्रात वादळ उठलं की देवगडला नि आमच्याकडे बाहेरच्या बोटी, कर्नाटक गुजरातच्या पण, आत येऊन नांगर टाकतात. आडोसा तोच आहे.

बापू_सांगलीकर

हेलियमचं मी सांगतो कारण दरवर्षी ऑगस्टमध्ये तीच पोस्ट फिरते की नॉर्मन लॉकियरने विजयदुर्गवरून हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण हे खरं, त्याचा पट्टा कोकणातून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम असा गेला हेही खरं, आणि किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात तेही आहेत. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. फ्रेंच ज्यूल्स जान्सेन गुंटूरला होता, त्याला ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट इतका ठळक दिसला की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने तो परत बघितला. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच तेच केलं, आणि सोडियमच्या जोडरेषांजवळची ती तिसरी पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नाही असं म्हणून त्याला हेलियम नाव देणाऱ्यात तो होता. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झेला. लॉकियर भारतात आला तो १८७१ च्या ग्रहणाला, आणि गेला केरळातल्या बेकल किल्ल्यावर! म्हणजे किनाऱ्यावरचा किल्ला, ग्रहण, लॉकियर हे सगळं खरं, फक्त किल्ला दुसरा. तरी १८ ऑगस्टला किल्ल्यावर मुलं जमतात, विज्ञानाच्या गप्पा होतात, ते चालू राहू दे.

खारेपाटणची_लेक

बापरे, काय काय मिळालं! सोन्याचा गद्याण ऐकून सासरे लगेच म्हणाले बघ तुझ्या माहेरचे तेव्हापासून टोल घेतायत. पण भिंतीचं राहिलं. आणि मागे का पडलं ते पण, तुळाजीचं आरमार जळल्यावर लगेच संपलं का?

गुराब

लगेच नाही. १७५६ नंतर पेशव्यांचं आरमार इथेच होतं, आनंदराव धुळप सुभेदार. १७८३ ला त्यांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज झुंज देऊन पकडून विजयदुर्गला आणलं, मराठे आणि इंग्रजांमधला सालबाईचा तह झालेला असल्यामुळे मग सोडावं लागलं. गावात धुळपांचा वाडा आहे, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. १८१८ ला पेशवाईबरोबर तेही संपलं.

भिंतीबद्दल: गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाण्याखाली उतरून पाहणी केलेली आहे, सव्वाशे मीटरच्या आसपास लांब, जांभ्याची, असं छापून आलंय. पण गाइड सांगतो तसं शत्रूची सगळी जहाजं त्यावर आपटून बुडाली हे घेऊन बसू नका, वॉटसनची जहाजं खाडीत आरामात शिरली होती हे वर लिहिलंच आहे. भिंतीपेक्षा बघण्यासारखी जागा म्हणजे गिर्येजवळ खाडीकाठची आंग्र्यांची गोदी. कातळ फोडून केलेली, ३५५ फूट बाय २२७ फूट, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि पाणी काढून तळ दुरुस्त करायचा. तोंड गाळाने भरत आलंय. तिथे दगडी नांगर पण मिळालेत, अरबी पद्धतीचे, म्हणजे आंग्र्यांच्या खूप आधीपासून येणंजाणं होतं.

कातळावरचा

मागे पडण्याचं कारण माझ्या मते समुद्रात नाही, जमिनीवर आहे. बंदराला मागे मुलूख लागतो. इथे मागे लगेच सडा, मग डोंगर, मग सह्याद्री, घाटातून बैलावर माल जायचा तोवर ठीक होतं. नंतर मुंबईला रेल्वे लागली आणि सगळा माल तिकडे. आगबोटी होत्या तोवर मुंबईचे चाकरमानी विजयदुर्गला उतरायचे, आमच्या आधीच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, बोट लागणं म्हणजे काय ते सांगतील. मग एसटी आली, रस्ते झाले, बोटी बंद. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती पण आतून, राजापूर-वैभववाडी-कणकवलीकडून. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे झाली तर बंदर परत चालेल असं पुष्कळ वर्षं ऐकतोय.

मला वैयक्तिक विचाराल तर मोठं बंदर नको. गिर्येला ४००० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आणायचं ठरलं होतं तेव्हा हापूसवाले आणि मच्छीमार दोघे उभे राहिले, शेवटी तो तिथून हलला. कोळशाच्या बोटी त्या खाडीत आल्या असत्या तर वाघोटणचोंनी सांगितलेल्या चिप्पी-तिवरांचं काय झालं असतं ते सांगायला नको.

वाघोटणचो

ह्या तुमी बोलतास ता सोपा. गावात पोरां ऱ्हवाक नाय, सगळी मुंबयक, त्येंका काय सांगशात? बंदर नको, प्रकल्प नको, मग नुसता टुरिस्टांका मासे तळून घालायचे काय? मोठं नको हे मान्य, पण मासळीसाठी नीट जेटी, बर्फ कारखाना, एवढं तरी हवं ना. आणि किल्ल्याच्या तटाचे दगड पावसात ढासळतात ते आधी बांधा, युनेस्कोचा बोर्ड नंतर लावा.

ताई, डिसेंबरात येताय तर तळेऱ्यावरून विजयदुर्गचा रस्ता धरा. तिथीकडे बघून या. अमावास्या किंवा पुनवेच्या आसपास आलात तर सुकती चांगली लांब जाते, खडक नि गोदी दोन्ही नीट दिसतं. गोदीकडे सासऱ्यांना चपलेवर नेऊ नका, शेवाळ आहे, पाय घसरतो, बूट घाला.